रुमालाची किंमत १० पेन्स: लंडनमधल्या एका ‘गुन्हेगारी फेरी’चा अनुभव

दोन तासांची पायी फेरी, माणशी १८ पौंड. मुलीने परस्पर बुकिंग करून टाकलं आणि म्हणाली, “बाबा, तुमच्याच लाइनचं आहे.” माझी लाइन म्हणजे कोर्ट. वकील नाही, जज्ज तर नाहीच. मी कारकून. ३१ वर्षांच्या नोकरीतली १७ वर्षं मुद्देमालाच्या खोलीत गेली. चोरीची सायकल, खुनातली कुऱ्हाड, दारूचे कॅन, पिवळ्या धातूची चेन (सोन्याची लिहायची नाही, सोनाराचा दाखला येईपर्यंत ती पिवळ्या धातूचीच), सगळं माझ्या ताब्यात. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, लाखेचा शिक्का, रजिस्टरात नंबर. त्यामुळे अठराव्या शतकातल्या लंडनची चोरी-मारामारी दाखवणारी फेरी म्हटल्यावर मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. हिने गुडघ्याला पट्टा बांधला, मी टोपी घातली, निघालो.

आधी तक्रारी सांगून टाकतो. आयोजकांचं नाव लिहीत नाही. असल्या फेऱ्या काढणारे तिथे पुष्कळ आहेत आणि एका दिवसावरून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. आम्ही १४ जण होतो. गाइड उंच काळी हॅट आणि झगा घालून आलेला, हातात कंदील. भर दुपारी. माणूस तिशीतला, बोलायला गोड, पण कानात लावायचं यंत्र वगैरे काही नाही. बस गेली की पुढची दोन वाक्यं बसबरोबर गेली. जायचंच असेल तर पुढे, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहा. बसायला दोन तासांत एकच जागा मिळाली, तीही चर्चमध्ये. स्वच्छतागृह शेवटी, पबमध्ये, आणि तिथे काहीतरी घ्यावं लागलं. हिने संत्र्याचा रस घेतला. त्याची किंमत सांगत नाही, रुपयांत हिशेब करून ती अजून हळहळते.

सुरुवात ओल्ड बेलीसमोर. हे लंडनचं मोठं फौजदारी कोर्ट, आजही चालू. सध्याची इमारत १९०७ ची. त्याआधी तिथे न्यूगेटचा तुरुंग होता, तो पाडून ही उभी केली. घुमटावर न्यायदेवता, एका हातात तलवार, एका हातात तराजू. डोळ्यांवर पट्टी नाही. मी मान वर करून बराच वेळ बघत बसलो, कारण आमच्याकडे चित्रात, सिनेमात जन्मभर पट्टीवाली बाई पाहिलेली.

गाइडने इथे छान सांगितलं. जुनं कोर्ट एका बाजूने उघडं होतं, भिंतच नाही. तुरुंगातून आणलेल्या कैद्यांच्या तापाची हवा जज्जांना लागू नये म्हणून. १७३७ मध्ये नवं बांधकाम झालं आणि ते बंदिस्त केलं. १७५० मध्ये तुरुंगातला ताप कोर्टात शिरला, सुमारे ६० माणसं गेली, त्यात लॉर्ड मेयर आणि दोन जज्ज. ताप म्हणजे टायफस, उवांतून पसरणारा. लोकांचा समज मात्र दुर्गंधीने रोग होतो असा, म्हणून कोर्टात सुवासिक पाला-फुलं पसरायचे. ठरावीक दिवशी जज्ज अजूनही हातात फुलांचा छोटा गुच्छ घेऊन येतात म्हणे. आमच्या कोर्टात मे महिन्यात लॉकअपमधून १५-१५ आरोपी आणून बाकावर बसवायचे तेव्हा पुढच्या रांगेतले वकील हळूच खुर्च्या मागे सरकवायचे. फुलांची कल्पना कुणाला सुचली नाही.

रस्ता ओलांडला की सेंट सेपल्कर चर्च. फेरीचे निम्मे पैसे इथेच वसूल. आत काचेच्या पेटीत एक हातघंटा ठेवली आहे. दिसायला साधी, आमच्या शाळेत शिपाई वाजवायचा तेवढीच, लाकडी मुठीची. १६०५ मध्ये रॉबर्ट डो नावाच्या व्यापाऱ्याने चर्चला ५० पौंड दिले, ते एका कामासाठी. न्यूगेटमध्ये कुणाला फाशी द्यायची असेल तर आदल्या मध्यरात्री एका माणसाने कोठडीबाहेर जाऊन ही घंटा वाजवायची आणि मोठ्याने पद्य म्हणायचं: उद्या तुम्हाला मरायचं आहे, जागे राहा, प्रार्थना करा, वेळ जवळ आली. आतल्या माणसाची झोप मोडावी म्हणून दिलेली ती देणगी. देणाऱ्याला हे पुण्यकर्मच वाटत होतं. घंटेच्या कडेला एक बारीक टवका उडालेला दिसला की काचेवरचा डाग होता, सांगता येत नाही. मी वाकून पाहत होतो तेव्हा ही मागून म्हणाली, “अहो, नंबर शोधताय का?” शोधतच होतो.

तिथून सकाळी कैद्याला गाडीत घालून पश्चिमेला सुमारे तीन मैल टायबर्नला, फाशीच्या जागी न्यायचे. होबर्नवरून, सेंट जाइल्सला थांबून शेवटचा पेला, मग आज जिथे ऑक्सफर्ड स्ट्रीटची खरेदी चालते त्या रस्त्याने. दोन्ही बाजूंना गर्दी, फेरीवाले, मुलंबाळं. १७८३ मध्ये टायबर्न बंद केलं आणि फाशीचा मंच न्यूगेटच्या दारातच आणला. उघड्यावरची फाशी १८६८ मध्ये थांबली. मधल्या काळात, १८०७ मध्ये, याच रस्त्यावर दोघांची फाशी बघायला एवढी माणसं लोटली की चेंगराचेंगरीत तीसेक जण मेले. हे सांगताना गाइडचा आवाज जरा खाली आला होता, बरं वाटलं.

आणि मग लगेच त्याने पिशवीतून दोर काढला. फासाची गाठ मारलेला, नाटकात वापरतात तसला. ज्याला हवा त्याने गळ्यात घालून फोटो काढायचा. पोरंपोरी हसत पुढे झाली. मी दहा पावलं लांब जाऊन उभा राहिलो. माझ्या खोलीत एक सुंभाची दोरी होती, खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली, अकस्मात मयताच्या प्रकरणातली. तिला हात लावायची वेळ आली की आमचा शिपाई आधी चप्पल काढायचा. यापेक्षा जास्त मला त्या दोराविषयी लिहायचं नाही. एक तारा तिथे गेला.

पण हाच माणूस जोनाथन वाइल्डवर आला तेव्हा मी परत त्याच्या खांद्याशी. हे प्रकरण आमच्या खात्यातल्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. त्या काळी लंडनला पगारी पोलीस नव्हते. दरवर्षी आळीपाळीने नेमलेले कॉन्स्टेबल आणि रात्री काठी-कंदील घेऊन फिरणारे राखणदार, एवढंच. चोरी झाली की चोर धरायचा, साक्षीदार जमवायचे, खर्च करायचा, खटला चालवायचा, सगळं ज्याची चोरी झाली त्यानेच. सरकारी वकील नाही. बहुतेकांना चोराला शिक्षा नको असायची, वस्तू परत हवी असायची. वाइल्डने नेमकं हे ओळखलं. ओल्ड बेलीजवळच कचेरी उघडली. तुमचं घड्याळ गेलं? या, वहीत नोंद करा, ५ शिलिंग भरा, दोन दिवसांनी या. घड्याळ मिळायचं, वर बक्षीस द्यायचं. मिळणारच, कारण चोर त्याचेच. जो ऐकणार नाही त्याला तोच पकडून फासावर द्यायचा, त्याचं सरकारी बक्षीस वेगळं. साठाहून जास्त माणसं अशी फासावर पाठवल्याची यादी त्याने स्वतःच्या खटल्याच्या वेळी छापून वाटली होती, जज्जांना दया यावी म्हणून.

ऐकताना मला आमच्या कोर्टात घागर न्यायला येणारी एक बाई आठवली. पितळी घागर, चोराकडून जप्त झालेली, चिठ्ठी क्रमांकासकट माझ्या मांडणीवर. खटला नऊ वर्षं चालला. बाई दर तारखेला यायची, प्लास्टिकच्या पिशवीत पावती घेऊन. “तेवढी बघू तरी द्या, पोचा आहे का बघते.” पोचा होता. पण आदेशाशिवाय मी काय देणार? वाइल्डची कचेरी तालुक्याला असती तर ती दोन दिवसांत घागर डोक्यावर घेऊन घरी गेली असती, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्याचा सत्कार केला असता. लंडनवाल्यांनी नेमकं तेच केलं. वर्षानुवर्षं.

त्याला अडकवलं ते मात्र कागदाने. १७१८ च्या कायद्यात एक कलम घातलं होतं: चोराला पकडून न देता चोरीचा माल परत करण्याबद्दल बक्षीस घेणं हाच गुन्हा. लोक त्याला वाइल्डचंच कलम म्हणायचे. १७२५ च्या जानेवारीत एका बाईच्या दुकानातून लेस गेली, किंमत ४० पौंड. वाइल्डने ती परत मिळवून दिली आणि १० गिनी (सोन्याची नाणी) घेतल्या, त्याही न्यूगेटमध्ये कैदेत बसून! खुद्द चोरीच्या आरोपातून सुटला, कारण दुकानात तो शिरलाच नव्हता. १० गिनींवर फाशी झाली, २४ मे १७२५ ला. सहा महिन्यांपूर्वी जॅक शेपर्ड नावाच्या सुतारकाम शिकलेल्या पोराला त्याने फासावर चढवलं होतं. तो एकाच वर्षात चार वेळा कैदेतून पळाला होता, सगळ्या शहराचा लाडका. त्याच्यासाठी रडलेल्या लोकांनीच वाइल्डवर दगड आणि चिखल फेकला.

बक्षिसांचा भाग गाइडने भरभर उरकला. मी त्याला दोनदा थांबवलं. वाटमाऱ्याला शिक्षा झाली की पकडून देणाऱ्याला १६९२ च्या कायद्याने ४० पौंड. १७२० पासून लंडन परिसरात राजाच्या जाहीरनाम्याने त्यावर आणखी १००. घरकाम करणारी पोरगी वर्षाला चारपाच पौंड कमवायची त्या काळात! मग खोटे साक्षीदार उगवणार नाहीत तर काय? जॉन वॉलर नावाचा एक जण, धंदाच हा. मला लुटलं म्हणून शपथेवर सांगायचं, बक्षीस घ्यायचं. १७३२ मध्ये पकडला गेला, शिक्षा झाली खोड्यात उभं करण्याची, मान आणि हात लाकडी फळीत. सेव्हन डायल्सच्या चौकात उभा केला आणि जमावाने तिथेच मारला. मारणाऱ्यांत ज्याच्या भावाला वॉलरच्या साक्षीवर फाशी झाली होती तो होता. पुढे त्यालाही फाशी.

आमच्याकडे खून नाही पडत, पण पंच तेच ते असतात. एकच चहावाला पाच पंचनाम्यांवर सही करतो, वकिलाने उलटतपासणीत विचारलं की “साहेब, पोलिसांनी बोलावलं म्हणून गेलो.” गाइडला हे माझ्या इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. तो “वंडरफुल” म्हणाला. त्यात वंडरफुल काय ते मला समजलं नाही.

फेरीतला सगळ्यात चांगला क्षण मात्र छापील कार्यक्रमात नव्हता. हिच्या अंगावर छापील सुती साडी, वरून जावयाचं जर्किन. गाइडचं लक्ष साडीच्या काठाकडे गेलं आणि तो म्हणाला, मॅडम, १७१९ च्या उन्हाळ्यात तुम्ही इथून सुखरूप घरी गेला नसता. त्या वर्षी स्पिटलफील्ड्सचे विणकर भारतातून येणाऱ्या आणि इथे छापल्या जाणाऱ्या सुती कापडावर इतके चिडले होते की रस्त्यात ते कापड घातलेली बाई दिसली की अंगावरून फाडायचे, शाई नाहीतर ॲसिड फेकायचे. फेकणारे दरोडेखोर नव्हेत. माग बंद पडलेले, पोटाला चिमटा बसलेले कामकरी. १७२१ मध्ये पार्लमेंटने तसलं कापड घालण्यावरच बंदी आणली. आपल्याकडच्या मागावरचं कापड, आणि त्यापायी लंडनच्या मोलकरणीचा झगा भर रस्त्यात फाटतो. हिने पदर जर्किनच्या आत खोचला. सगळे हसले, पण ती उगाच नव्हती खोचत.

शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल फार लिहीत नाही. कॉक लेनच्या कोपऱ्यावरचा सोनेरी गुबगुबीत पोरगा बघितला. १६६६ ची आग तिथे थांबली, आणि पाटीवर लिहिलंय की आग लागली ती लंडनकरांच्या खादाडपणाच्या पापामुळे. आमच्या खाऊगल्लीच्या तोंडाशी असली पाटी लावायला हरकत नाही. तिथेच पूर्वी एक गुत्ता होता, थडग्यातून मढी उकरून डॉक्टरांना विकणाऱ्यांचा अड्डा. नंतर पब. पबच्या तळघरात तुरुंगाच्या कोठड्या आहेत म्हणून खाली नेलं. दगडी कमानी, रिकामी पिंपं, लोखंडी जाळी. कशावरून कोठड्या? “लोक म्हणतात.” ऐकीव पुरावा. मी वर येऊन बसलो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. चर्चमधून निघताना मी गाइडला विचारलं होतं, “चोरीच्या मालाची किंमत कोण ठरवायचं?” तो म्हणाला, उत्तम प्रश्न. आणि मढी उकरणाऱ्यांकडे वळला. माझ्या मते सगळी फेरी त्या प्रश्नावर उभी राहायला हवी होती. उत्तर घरी मिळालं. ओल्ड बेलीच्या खटल्यांची छापील इतिवृत्तं, १६७४ पासून १९१३ पर्यंतची, सगळी इंटरनेटवर फुकट आहेत. जवळजवळ दोन लाख खटले. मुलीने लॅपटॉपवर लावून दिलं आणि मी दोन रात्री जागलो. १८ पौंड वाचवायचे असतील तर सरळ तेच उघडा. पाचपैकी पाच तारे त्याला.

तिथे गेल्यावर कळतं की वाटमारे आणि खुनी थोडे. ढीग आहे तो चोऱ्यांचा. तागाचा सदरा, चांदीचा चमचा, पितळी पातेलं, चादर, चीज. आणि रुमाल, रुमाल, रुमाल. त्यातले रेशमी पुष्कळसे आपल्याकडचे, बंगालचे. बांधणीवरून ‘बंडाना’ शब्द पडला तो इंग्रजीत अजून आहे. प्रत्येक वस्तूपुढे किंमत, अगदी माझ्या रजिस्टरसारखी. बहुतेक खटले अर्ध्या तासाच्या आत संपलेले. आणि निकालात किंमत बदललेली!

कारण असं. खिशातून नकळत १ शिलिंगाहून जास्त किमतीचं काही काढलं तर फाशी. हा कायदा १८०८ पर्यंत होता. दुकानातून गुपचूप ५ शिलिंगांचा माल उचलला तर फाशी. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा गेला तर फाशी. आता शिलिंगाचे पेन्स १२. ज्यूरीत बसलेले दुकानदार, कारागीर. रुमाल केवढ्याला येतो त्यांना चांगलं ठाऊक. समोर बारा-चौदा वर्षांचं पोर. ते उठून सांगायचे, आरोपी दोषी, १० पेन्सपुरता. दुकानातल्या चोरीत ४ शिलिंग १० पेन्सपुरता. घरातल्या चोरीत ३९ शिलिंगपुरता. पानामागून पान हेच आकडे. १०, ३९, ४ शिलिंग १०. पोर सुटायचं नाही. चाबकाचे फटके, नाहीतर १७१८ नंतर जहाजात घालून सात वर्षं अमेरिकेला. पण जिवंत. शपथ घेतलेली माणसं भर कोर्टात, सगळ्यांच्या देखत, किमतीचं खोटं सांगत होती आणि जज्ज लिहून घेत होते.

मी १७ वर्षं किमती लिहिल्या. पंचनाम्यात ‘अंदाजे’ हा शब्द किती वेळा आला असेल त्याला गणती नाही. कधी हात आखडून लिहिल्या, कधी फिर्यादीचं तोंड बघून. रात्री दोन वाजता तो १० पेन्सचा आकडा विसाव्यांदा दिसला तेव्हा लॅपटॉप मिटवून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. ही जागी होती. काय झालं म्हणाली. रुमाल स्वस्त झाले म्हटलं.

फेरीला पाचपैकी तीन तारे. घंटा, वाइल्ड आणि साडी यांचे. दोर काढून टाकला आणि किमतींवर दहा मिनिटं दिली तर चार द्यायची माझी तयारी आहे. जाणाऱ्यांनी चर्च त्या दिवशी उघडं आहे का हे आधी विचारून घ्या, बंद असलं तर फेरीत राम नाही. पायात बूट घाला, दगडी गल्ल्या आहेत. लहान मुलांना नेऊ नका.

एक राहिलं. वाइल्डला पुरलं होतं, पण मढं उकरलं गेलं आणि त्याचा सांगाडा शल्यवैद्यांच्या हंटेरियन संग्रहालयात जमा झाला. ते संग्रहालय लिंकन्स इन फील्ड्सला, इथून चालत जाण्यासारखं, प्रवेश फुकट. पुढच्या आठवड्यात जायचं ठरतंय. हिचा गुडघा काय म्हणतो त्यावर आहे. सांगाड्याला चिठ्ठी बांधलीय का, आणि नंबर नीट लिहिलाय का, एवढंच बघून येणार.